सुई टोचल्याचं तुला कळलं नाही

कुंदा,

तुझ्या तेराव्याला पंगतीत बायका एकमेकींना सांगत होत्या, "या दोघींसारखी मैत्री पाहिली नाही हो. सव्वीस वर्षं एका ताटात जेवल्या." मी वाढत होते. मी मान डोलावली आणि पुढच्या पानावर वरण वाढलं. तुला दवाखान्यात नेलं त्याआधी आपण अकरा दिवस एकमेकींशी बोललो नव्हतो, हे त्या पंगतीत कोणालाच माहीत नव्हतं. दिलीप भाऊजींनाही नाही. तू घरी सांगितलं नव्हतंस, मीही नाही.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. चहा गॅसवर ठेवून मी गच्चीत जाते, गच्चीतून परत येऊन गॅसकडे बघत उभी राहते. हे लिहायला बसले तर दोनदा उठले. एकदा दाराची कडी लावली आहे का ते बघायला, एकदा उगाचच. कोणाशी भांडायचं आहे आणि ते माणूसच नाही, असं झालं आहे.

आपलं काय होतं? सुदामा नगरातल्या तुझ्या पडवीत दोन मशिनी. भाऊजींची मिल बंद पडली होती, माझ्या नवऱ्याची नोकरी होती पण पगार कधी यायचा, कधी नाही. तू म्हणालीस, "रेखा, ब्लाउज शिवून काय होतं? शाळेचा ड्रेस शिवू. मूल दर वर्षी वाढतं." एवढं एक वाक्य. त्याच्यावर आपण मल्हारगंजात दुसऱ्या मजल्यावर हॉल घेतला, बावीस पायऱ्यांवर, चौदा मशिनी, चौदा बायका आणि कटिंगला युसूफ मास्टर. तू कामाला भिडायचीस आणि मी हिशेबाला, असं लोक म्हणायचे. खरं तर तू दोन्हीला भिडायचीस.

तुझं जेवण मी रोज बघायचे. डबा एकला उघडायचा आणि चारला संपायचा, तोही उभ्यानं, कटिंगच्या टेबलाला टेकून. मधल्या वेळात कागदात शेव-कुरमुऱ्यांचं सेंव-परमल आणि तीन चमचे साखरेचा चहा. मी काही म्हटलं की म्हणायचीस, "अगं, बसून जेवलं की झोप येते. फालतूत एक तास जातो."

माझी पाठ गेली तेव्हाचं मला पुन्हा पुन्हा आठवतं. मणका सरकला, डॉक्टरांनी सहा आठवडे पडून राहायला सांगितलं आणि तेही ऐन सीझनमध्ये. तू हॉल एकटीनं सांभाळलास आणि रोज दुपारी माझ्याकडे डबा घेऊन आलीस. पहिल्या दिवशी फिजिओथेरपीला जायला मी कुरकुर केली, तेव्हा तू मला धरून रिक्षात बसवलंस. ड्रायव्हरला म्हणालीस, "भिया, गड्ढे बचा के. ही माझी अर्धी दुकान आहे." तो हसला. मी कण्हत होते तरी हसले. दवाखान्यात बाकावर तू तासभर बसून राहिलीस, हातात काही काम नसताना. तुला मी इतकं रिकामं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

माझ्यासाठी तू ते केलंस. स्वतःसाठी का नाही केलंस, हे मला समजत नाही. मी ते समजून घ्यायला गेले की चिडते.

तेव्हापासून मी सकाळी चालायला लागले. आधी कॉलनीच्या बागेत चार चकरा, मग पाऊण तास. हॉलवर मी सव्वादहाला यायचे, तू साडेआठला. बायकांसमोर तू म्हणायचीस, "आल्या बघा सेठानी, हवा खाऊन." सगळ्या हसायच्या. मीही हसायचे, पण मला लागायचं. एकदा मी तुला विचारलंसुद्धा, "कुंदा, आपल्या धंद्यात तुझ्या-माझ्याशिवाय आहे काय? या मशिनी उद्या विकायला काढल्या तर भंगारवाला घेईल."

"म्हणून तर प्लॉट घेतला ना," तू म्हणालीस. "आपण नसलो तरी तो राहतो."

बायपासजवळचा प्लॉट. लेकीच्या, पूर्वाच्या नावानं घेतलेला. रजिस्ट्री झाली त्या रविवारी तू मला मुद्दाम तिथे घेऊन गेलीस. बघायला काही नव्हतं, चार कोपऱ्यांत चार दगड आणि मधे गवत. तू एका दगडावर बसलीस, पदरानं घाम पुसलास आणि हातानं घर दाखवायला लागलीस. खाली पूर्वा आणि जावई, वरती तू आणि भाऊजी, मागे एक खोली माझी. "तू पाठ धरून पडून राहा, मी वरून शिव्या देते." अगदी आतून सुखी माणूस होतीस तू त्या दगडावर.

तुला शुगर निघाली ती मीच ओढून नेलं म्हणून. बागेत फुकट तपासणीचं शिबिर होतं. मशीनचा आकडा बघून त्या मुलीनं पुन्हा सुई टोचली, पुन्हा तोच आकडा. तू म्हणालीस, "मशीन खराब है बेटा तुम्हारी." मग गोळ्या सुरू झाल्या. घ्यायचीस, विसरायचीस, सीझनमध्ये तर साफ सोडायचीस, कारण गोळी घेतली की वेळेवर खावं लागतं. मी आरोग्य विम्याचे कागद आणले, तर शुगरमुळे हप्ता वाढलेला बघून तू ते परत दिलेस. "एवढ्यात एक ओव्हरलॉक येईल, रेखा." आणि खरंच, त्या वर्षी तू ओव्हरलॉक मशीन आणलीस. चांगली आहे. अजून चालते आहे.

गेल्या वर्षी कधीतरी तू म्हणाली होतीस, "पायात कापूस भरल्यासारखं वाटतं गं." मी म्हटलं, डॉक्टरला दाखव. तू म्हणालीस, "कपड्याच्या धंद्यातली बाई, कापूसच भरणार." आपण दोघी खूप हसलो. युसूफ मास्टरनं विचारलं काय झालं म्हणून, तर तू त्यालाही सांगितलंस आणि तोही हसला. मला आता तो विनोद कोणी परत सांगू नये.

आता मार्चचं. त्याला मी इतका वेळ वळसा घालते आहे.

एका मोठ्या शाळेची ऑर्डर आली. तिन्ही शाखांचे सगळे ड्रेस, जूनमध्ये शाळा उघडायच्या आत. आजवर केलं त्याच्या दुप्पट काम. तुझे डोळे चमकले. मी म्हटलं, "अर्धी घेऊ. उरलेली जुलैत देतो म्हणून सांगू." तू म्हणालीस, "अर्धी देणाऱ्याला पुढच्या वर्षी कोणी विचारत नाही." मी म्हटलं, "निदान विचारून तरी बघू." तू म्हणालीस, "विचारलं की माणूस कच्चा दिसतो."

मग मी अट घातली. तू सगळ्या तपासण्या करून घे, रक्त, डोळे, पाय, सगळं. रिपोर्ट आला की मी सही करते.

युसूफ मास्टर कात्री चालवायचा थांबला होता. तू हळूच म्हणालीस, "माझ्या शरीरावरून मला अडवू नकोस. तुला चालायला वेळ मिळतो ना, तो मी साडेआठला येते म्हणून मिळतो."

ते खरं होतं. खरं होतं म्हणूनच मला सहन झालं नाही. मी कागद ओढला, सही केली, तुझ्यापुढे टाकला आणि म्हणाले, "घे. मर मग काम करून."

आपल्याकडे बायका रागात मर म्हणतातच. माझी आई मला दिवसातून दोनदा म्हणायची. तूही मला कितीदा म्हणाली असशील. पण त्यानंतर मी तुझ्याशी बोलले नाही, तूही नाही, आणि तो शब्द तिथेच टेबलावर पडून राहिला. अकरा दिवस आपण युसूफ मास्टरमार्फत बोलत होतो. "मास्टर, त्यांना सांगा बटणं आली." "मास्टर, उनको बोलो देख लिया."

सातव्या दिवशी तू लंगडत होतीस.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. तू टेबलापासून खिडकीपर्यंत गेलीस, उजवा पाय थोडा ओढत. मी पाहिलं. माझ्या मनात आलं की विचारावं, आणि लगेच दुसरं आलं की आधी तिनं बोलावं. मी वही उघडली आणि मान खाली घातली. दुसऱ्या दिवशीही पाहिलं. तिसऱ्या दिवशी तू चप्पल घालून आत आलीस. पांढरं कापड मळू नये म्हणून चपला बाहेर काढायचा नियम तूच केला होतास, आणि तू चप्पल घालून आत आलीस, तरी मी विचारलं नाही.

अकराव्या दिवशी मशिनीवरच्या संगीतानं कॉलर मोजता मोजता एकदम हाक मारली, "दीदी, ये खून किसका है?" खाली अंथरलेल्या पांढऱ्या कापडाच्या थानावर डाग होते, टेबलाच्या तुझ्या बाजूला. सगळ्यांनी आपापले हात बघितले. तू पण हात बघितलेस. मग संगीता खाली बसली आणि तिनं तुझा पाय उचलला.

मशीनची तुटकी सुई तळव्यात शिरली होती. वरून तू चिकटपट्टी लावली होतीस, चपलेचा खिळा लागला असेल म्हणून. आत सुई आहे हे तुला माहीतच नव्हतं. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की तू पाय ओढत होतीस तो दुखून नाही, सुजून; शुगरनं पायातली जाणीवच गेली होती, बहुतेक वर्षभरापूर्वीच. म्हणजे आपण हसलो होतो तेव्हाच.

रिक्षात मी तुझा पाय मांडीवर घेतला होता. तुला ताप होता. तू म्हणालीस, "बोलायला लागलीस?" मी म्हटलं, "गप बस." इतकंच झालं आपलं. भांडण मिटलं असं तुला वाटलं असेल. मलाही वाटलं.

मग एकोणीस दिवस. आधी दोन बोटं कापली, मग पाय वाचवायची धडपड, मग विष रक्तात गेलं आणि किडन्या थकल्या. पूर्वा पुण्याहून आली ती पायातले जोडेही न काढता आयसीयूच्या दारात उभी राहिली. रोज सकाळी खिडकीवर बिलाचा नवा कागद मिळायचा. पाचव्या दिवशी भाऊजींनी मला बाजूला घेतलं. त्यांचा आवाज तुला माहीत आहे, दोन हातांवरच्या माणसाला ऐकू जात नाही. म्हणाले, "वहिनी, प्लॉटचं गिऱ्हाईक आहे. देऊन टाकू?"

मी हो म्हटलं. पूर्वानंही हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो? बारा वर्षं तू पोटाला चिमटा काढून जमवलंस ते, कुंदा, पायातल्या एका सुईनं तीन आठवड्यांत नेलं. तू म्हणाली होतीस, आपण नसलो तरी प्लॉट राहतो. उलटं झालं. तो आधी गेला.

आठव्या दिवशी तू शुद्धीवर होतीस. मी आत आले तर तू आधी ऑर्डरचं विचारलंस. मी म्हटलं चालू आहे. मग माझं मनगट धरलंस. पकड अजून कात्रीवाल्या हाताचीच होती. "रेखा, यांना सांग. काही झालं तरी प्लॉटला हात लावायचा नाही. तो पूर्वाचा आहे."

भाऊजी आणि पूर्वा त्याच सकाळी सही करून आले होते. मी म्हटलं, "नाही लावत."

"बघ हं."

"नाही लावत, कुंदा."

तू डोळे मिटलेस. थोड्या वेळानं, मला वाटलं झोपली, तर म्हणालीस, "सकाळी चालायला कुठे जातेस गं तू नक्की?" मी बाग सांगितली, आधीच्या चार चकरा सांगितल्या, तिथे येणाऱ्या मास्तरणी सांगितल्या, कोणाचा कुत्रा कोणाला भुंकतो तेही सांगितलं. तू ऐकत होतीस. सव्वीस वर्षांत मला तू हे पहिल्यांदा विचारत होतीस. म्हणालीस, "बरं वाटत असेल नाही?" त्याच वेळी मी 'मर' शब्द परत घ्यायला हवा होता. जिभेवर आला होता. पण नर्स आली, म्हणाली वेळ झाली, आणि मला वाटलं उद्या सांगू. दुसऱ्या दिवसापासून तुझ्या तोंडात नळी होती.

तर आता सांगते. मी ते म्हणायला नको होतं. आणि प्लॉटचं मी खोटं बोलले. त्याबद्दल माफी मागणार नाही, पुन्हा वेळ आली तर पुन्हा खोटं बोलेन. पण तुला माहीत असावं.

पुढचं ऐकून तू हसशील. तू गेल्यावर चौथ्या दिवशी मी हॉल उघडला. ऑर्डर होती ना, दोघींच्या सह्यांची. मी साडेआठला यायला लागले, मग आठला. चालणं मार्चमध्येच सुटलं होतं, ते सुटलेलंच राहिलं. पाठीला पट्टा बांधला. डबा चारला, उभ्यानं, तुझ्याच जागी टेकून. युसूफ मास्टर म्हणायचा, "दीदी, बैठ जाओ दो मिनिट," तर मी त्याच्यावर खेकसायचे. लोकांना वाटलं मैत्रिणीचं काम पुरं करते आहे, केवढी निष्ठा. मला ठाऊक होतं ती निष्ठा नव्हती. थांबले की तू लंगडताना दिसायचीस, म्हणून थांबत नव्हते.

गेल्या आठवड्यात संध्याकाळी सहाला जिन्यात पावलं वाजली. भाऊजी. इतकी वर्षं ते तुला न्यायला यायचे, खाली स्कूटरवर बसायचे, एकदा हॉर्न वाजवायचे आणि वाट बघायचे. वर कधी आले नव्हते. धापा टाकत दारात उभे राहिले, चपला काढल्या, आत आले. सगळ्या मशिनी चालू होत्या. त्यांनी मला पट्ट्यासकट पाहिलं, टेबलावरचा अर्धा डबा पाहिला.

"आता इथे कशाला आलात, भाऊजी?" मी विचारलं.

"सहाला घरात बसवत नाही," ते म्हणाले. मग युसूफ मास्टरला विचारलं, "मेन स्विच कहाँ है?"

मास्टरनं बोट दाखवलं. भाऊजींनी जाऊन तो खाली ओढला. मशिनी थांबल्या, पंखे हळूहळू थांबले. संगीता म्हणाली, "भैया, कॉलर बाकी है." ते म्हणाले, "रहने दो."

मी ओरडले, "काय करताय? ऑर्डर आहे."

"इतकी वर्षं खाली उभा राहिलो, वहिनी," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज पूर्ण खोलीला ऐकू गेला. "बावीस पायऱ्या आहेत, आज मोजल्या. एवढं चढून यायचं होतं आणि बंद कर म्हणायचं होतं. मला वाटायचं, तिला राग येईल."

बायका गुपचूप पिशव्या उचलून निघाल्या. मी तुझ्या स्टुलावर बसले आणि खूप वेळ रडले. ते समोर उभे होते, गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी चालायला गेले. दोन चकरांत पाठ भरून आली, घरी आले, बसून जेवले आणि शाळेत गेले. खरेदी बघणारा माणूस तरुण आहे, कॉम्प्युटरवरून मान न काढता बोलतो. मी वाक्यं पाठ करून गेले होते. म्हटलं, माझी पार्टनर वारली, अर्धेच ड्रेस जूनमध्ये होतील, उरलेले जुलै अखेर. तू सांगितलं होतंस तशी कच्ची दिसण्याची तयारी ठेवून गेले होते.

तो म्हणाला, "मैडम, आधे बच्चे तो वैसे भी जुलाई में ही लेते हैं. चलेगा." त्यानं कळफलकावर दोन-चार बोटं मारली, तारीख बदलली. मी दार ढकलून आत गेले तेव्हापासून दहा मिनिटंही झाली नव्हती.

मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. "और कुछ?"

मी म्हटलं, "नहीं." आणि मला खुर्चीवरून उठता येईना.

रेखा